नाझी काळातलं टपाल, छापील कागद आणि ज्यूद्वेष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी पाकिटं, पोस्टकार्डं, शिक्के यांच्याबद्दल बोलायला लागलं की तिकीटसंग्राहक, इतिहासाचे विद्यार्थी आणि आजोबांची ट्रंक उघडून बसलेली माणसं फिरून फिरून तेच प्रश्न पाठवतात. ते इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग चकवणारे. एक उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे तसा निर्देश केला आहे.

१. टपालातून ज्यूविरोधी प्रचार म्हणजे नेमकं काय? पत्रकं वाटायचे का?

पत्रकं होतीच, पण ती यातली सगळ्यात कंटाळवाणी गोष्ट. पाकिटाच्या पाठीमागे तिकिटासारखं चिकटवलेलं लेबल, पोस्टकार्डावरचं व्यंगचित्र, प्रदर्शनाचा खास शिक्का, टेलिफोन डिरेक्टरीतली अक्षरांची यादी, दुकानाच्या लेटरहेडवरची 'आमचा धंदा शुद्ध आर्य' अशी ओळ, कपड्याच्या आत शिवलेली तशीच पट्टी, बसथांब्याजवळच्या काचेच्या खोक्यात लावलेला पेपर, हे सगळं यात येतं. सभेतलं भाषण ऐकायला माणसाला उठून जावं लागतं. हे कागद दारात येऊन पडायचे.

२. म्हणजे हे सगळं हिटलरनं सुरू केलं?

नाही. त्याला तयार बाजार मिळाला. १८९७ च्या सुमारास फ्रँकफर्टमधलं एक हॉटेल 'शहरातलं एकमेव ज्यूमुक्त हॉटेल' अशी जाहिरात करणारी रंगीत पोस्टकार्डं पाहुण्यांना देत होतं, आणि पाहुणे ती नातेवाइकांना खुशालीसाठी पाठवत होते. उत्तर समुद्रातल्या बोर्कुम बेटावरूनही अशीच कार्डं निघायची. 'ज्यू हेच आमचं दुर्दैव' हे पुढे कुप्रसिद्ध झालेलं वाक्य इतिहासकार हाइनरिश फॉन ट्राइट्श्के यांनी १८७९ मध्ये लिहिलं होतं.

पहिल्या महायुद्धानंतर एका कडव्या राष्ट्रवादी संघटनेनं एकट्या १९२० सालात सुमारे ७६ लाख पत्रकं, ४७ लाख हातपत्रकं आणि ७८ लाख चिकटलेबलं वाटली. चिकटलेबलांचा आकडा सगळ्यांत मोठा आहे, हे लक्षात घ्या. पत्रक फेकून देता येतं, लेबल नखानं खरवडावं लागतं. परराष्ट्रमंत्री वॉल्टर राटेनाऊ या ज्यू नेत्याच्या १९२२ मधल्या खुनानंतर त्या संघटनेवर बंदी आली. माणसं मात्र इकडेतिकडे पांगली आणि त्यांतली बरीच नाझी पक्षात गेली.

३. 'डेर श्ट्युर्मर' हे सरकारी वर्तमानपत्र होतं ना?

हा गैरसमज फार पसरलेला आहे. ते युलिउस श्ट्रायशर या न्यूरेंबर्गच्या नाझी पुढाऱ्याचं खासगी साप्ताहिक होतं. १९२३ मध्ये सुरू झालं, १९४५ च्या सुरुवातीपर्यंत निघालं आणि त्यानं मालकाला गब्बर केलं. पहिल्या पानाच्या तळाशी वर सांगितलेलं ट्राइट्श्केचं वाक्य ठळक छापलेलं असायचं, आणि व्यंगचित्रं 'फिप्स' या नावानं सही करणाऱ्या फिलिप रुप्रेश्तची. एकच एक नाक, तेच जाड ओठ, वर्षानुवर्षं. १९३५ च्या आसपास खप पाच लाखांजवळ गेला होता, आणि विशेषांक याहून कितीतरी जास्त छापले जात.

सरकारी सूत्रं हलायची ती वेगळीकडे. योझेफ गोबेल्सचं प्रचार मंत्रालय मार्च १९३३ मध्ये उभं राहिलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधल्या संपादक-कायद्यानं ज्यू पत्रकारांना वर्तमानपत्रांतून बाहेर काढलं, आणि काय छापायचं याच्या सूचना रोज बर्लिनहून निघू लागल्या. शहाणीसुरती दिसणारी वर्तमानपत्रं त्या सूचनांवर चालायची. 'श्ट्युर्मर' इतका बीभत्स होता की काही नाझींनाही त्याची लाज वाटे. बाकीचे पेपर त्याच्या शेजारी सभ्य दिसत, हा त्याचा सगळ्यांत मोठा उपयोग, असं माझं मत आहे.

४. जे लोक तो पेपर विकतच घेत नव्हते, त्यांचं काय?

त्यांच्यासाठी खोके होते. लाल रंगात रंगवलेले, वर घोषणा लिहिलेले काचेचे फलक चौकात, ट्रामच्या थांब्यावर, कारखान्याच्या फाटकाशी उभे केलेले असत आणि आत ताजा अंक पानं उलगडून लावलेला. आपल्याकडे वाचनालयाबाहेरच्या फलकावर पेपर लावतात आणि जाता-येता चार माणसं माना उंचावून वाचतात, तसंच. फरक असा, की या फलकावर कधी कधी शेजारच्या गल्लीतल्या माणसाचं नाव असायचं (पुढचा प्रश्न पाहा). १९३६ च्या ऑलिंपिकला परदेशी पाहुणे येणार म्हणून बर्लिनमधले हे खोके काही काळ गायब झाले. पाहुणे परतले, खोके परत आले.

याच्या जोडीला पक्षाचं 'पारोल डेअर वोखे' नावाचं भिंतीवरचं साप्ताहिक पोस्टर होतं. स्टेशनं, कचेऱ्या, टपालघरं अशी रांगेत उभं राहावं लागणारी जागा त्यासाठी बरोबर निवडलेली असायची.

५. 'श्ट्युर्मर'मधली वाचकांची पत्रं खरी होती की कार्यालयात बसून लिहिलेली?

बरीचशी खरी. अमुक बाई अजून ज्यू दुकानातून कापड घेतात, तमुक शिक्षक ज्यू डॉक्टरकडे जातो, अशी पत्रं लोक स्वतःच्या पैशाची तिकिटं लावून पाठवायचे. संपादक त्यातून नावं, पत्ते, कधी दुकानातून बाहेर पडतानाचा चोरून काढलेला फोटोसुद्धा छापायचे. मग तो अंक त्याच गावातल्या खोक्यात लागायचा. कायद्यानं गुन्हा नसलेल्या गोष्टीची शिक्षा अशी परस्पर व्हायची. मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो तो हाच पत्रव्यवहार. फिप्सच्या चित्रांना निदान पगार मिळत होता.

६. फोनवर स्पेलिंग सांगताना 'डी फॉर डेव्हिड' म्हणायला बंदी होती, हे खरं का?

डिरेक्टरीतून नाव काढलं होतं, एवढं नक्की. आणि ही गोष्ट नीट सांगण्यासारखी आहे.

जर्मनीत टेलिफोन खातं टपाल खात्याकडेच होतं. डिरेक्टरीच्या सुरुवातीला अक्षरं सांगायची यादी छापलेली असे: डी म्हणजे डाव्हिड, एन म्हणजे नाथान, एस म्हणजे सामुएल, झेड म्हणजे झाखारिआस. २२ मार्च १९३३ ला, म्हणजे हिटलर सत्तेवर येऊन दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, रोस्टोक शहरातल्या एका सामान्य नागरिकानं स्थानिक टपालघराला एक पोस्टकार्ड टाकलं. देशात राष्ट्रीय परिवर्तन झालं असताना ही ज्यू नावं ठेवणं योग्य वाटत नाही, त्याजागी चांगली जर्मन नावं सापडतील, असा त्याचा आशय. त्याला असं लिहायला कुणी सांगितलं नव्हतं. खात्यानं ते कार्ड केराच्या टोपलीत टाकलं नाही. फाइल वर सरकली, अभिप्राय मागवले गेले, आणि १९३४ च्या यादीत डाव्हिडची डोरा झाली, याकोबचा योट, सामुएलचा झिगफ्रीड, झाखारिआसचं त्सेपेलिन. नाथानच्या जागी आला 'नॉर्डपोल', म्हणजे उत्तर ध्रुव.

युद्धानंतर सामुएल आणि झाखारिआस परत आले. डोरा आणि उत्तर ध्रुव मात्र तसेच राहिले, आणि कित्येक जर्मन माणसं पुढेही सवयीनं झिगफ्रीड आणि त्सेपेलिनच म्हणत राहिली. २०२२ मध्ये तिथल्या मानक संस्थेनं व्यक्तींची नावं जवळपास बाजूला ठेवून शहरांच्या नावांची नवी यादी काढली. एका पोस्टकार्डाची धाव ही अशी जवळपास नव्वद वर्षांची.

७. जर्मन टपालतिकिटांवर ज्यूंची व्यंगचित्रं छापली होती का?

नेहमीच्या जर्मन तिकिटांवर हिंडेनबुर्ग, हिटलर, सैनिक, इमारती, घोड्यांच्या शर्यती असे विषय दिसतात. विष शिक्क्यात आणि लेबलात होतं. म्युनिकमध्ये ८ नोव्हेंबर १९३७ ला 'डेअर एविगे यूडं', म्हणजे 'शाश्वत ज्यू', हे मोठं प्रदर्शन उघडलं. ३१ जानेवारी १९३८ पर्यंत चार लाखांहून जास्त लोकांनी ते पाहिलं, आणि नंतर ते व्हिएन्ना आणि बर्लिनला गेलं. त्याची चित्र-पोस्टकार्डं आणि खास शिक्के निघाले. चित्रात एका हातात नाणी, दुसऱ्यात चाबूक आणि काखेत विळाहातोड्याचं चिन्ह असलेला नकाशा धरलेला माणूस. असलं कार्ड लोक घरी 'प्रदर्शन पाहिलं, छान होतं, उद्या परततो' एवढंच लिहून पाठवायचे.

तिकिटावर उघड ज्यूविरोधी चित्र पाहायचं असेल तर नाझींच्या ताब्यातल्या सर्बियाकडे वळावं लागतं. बेलग्रेडमध्ये २२ ऑक्टोबर १९४१ पासून एक 'मेसनविरोधी' प्रदर्शन भरलं. ज्यू, फ्रीमेसन (म्हणजे 'मेसन' या बंदिस्त बंधुसंघटनेचे सभासद) आणि कम्युनिस्ट मिळून जगाविरुद्ध कट करतात, हा त्याचा विषय. जानेवारी १९४२ मध्ये तिथल्या कळसूत्री सरकारनं त्याच विषयावर चार तिकिटं काढली. त्या कटावर सर्बियानं मिळवलेला विजय असा चित्रांचा सूर. त्याच हिवाळ्यात नदीपलीकडच्या जुन्या जत्रेच्या मैदानावर, सायमिश्टेच्या छावणीत, ज्यू स्त्रिया आणि मुलं कोंडलेली होती. पुरुषांना त्याआधीच गोळ्या घालून झाल्या होत्या. वसंतात त्या स्त्रियांना आणि मुलांना विषारी धुराच्या गाडीत भरून मारलं. संग्राहकांच्या कॅटलॉगमध्ये हा चार तिकिटांचा संच इतर संचांसारखाच एका ओळीत येतो.

८. माझ्याकडच्या जर्मन तिकिटावर स्वस्तिक आहे. ते ज्यूविरोधी तिकीट समजायचं का?

नाही, ते त्या राजवटीचं राजचिन्ह आहे. सरकारी पत्रव्यवहाराच्या तिकिटांवर ते सर्रास असायचं. आपल्या उंबऱ्यावरच्या स्वस्तिकाशी त्याचं नातं जोडायची घाई नको, आणि 'आमचंच चिन्ह' म्हणून कौतुकाची तर मुळीच नको. जर्मनीत ते चिन्ह जाहीरपणे मिरवणं गुन्हा आहे, पण शिक्षण, संशोधन आणि कला यांना कायद्यात सूट आहे.

९. राजाच्या जागी स्टालिनचं डोकं असलेलं ब्रिटिश तिकीट पाहिलं. खोटं आहे का?

खोटं आहे, आणि मुद्दाम केलेलं खोटं आहे. बर्लिनजवळच्या झाक्सेनहाउझेन छळछावणीत बेर्नहार्ड क्र्यूगर या एसएस (नाझी पक्षाचं सशस्त्र दल) अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ब्रिटिश नोटांची नक्कल करणारा छुपा छापखाना चालत होता. त्यातले कारागीर ज्यू कैदी होते. तिथेच ही विडंबनाची तिकिटंही बनली. १९३५ च्या रौप्यमहोत्सवी तिकिटावर पंचम जॉर्जच्या जागी स्टालिन, आणि 'सिल्व्हर ज्युबिली' लिहिलेलं असतं तिथे 'हे युद्ध ज्यूंचं युद्ध आहे' असं इंग्रजी वाक्य. त्यातल्या 'ज्युइश' शब्दात एक आय गाळलेला आहे. भिंगाखाली धरा, लगेच दिसेल. दुसऱ्या प्रकारच्या तिकिटांत मुकुटावर सहा टोकांचा तारा (ज्यूंचं चिन्ह) आहे आणि पेनी दाखवणाऱ्या 'डी' या अक्षराचा विळाहातोडा केलेला आहे. 'साम्राज्याचं विसर्जन' अशी अक्षरं आणि सिंगापूर, हाँगकाँग, जमैका अशी नावं वर छापलेल्या प्रतीही आहेत.

'ज्यूंचं युद्ध' हे वाक्य मरणाच्या दारात उभ्या असलेल्या ज्यू कैद्यांकडून छापून घेतलं गेलं. गळलेला आय चूक होती की कुणाची खोडी, यावर संग्राहक अजून वाद घालतात. बाजारात या नकलांच्याही नकला भरपूर आहेत, तेव्हा पैसे मोजण्याआधी प्रश्न १६ वाचा.

१०. पाठवणाऱ्याच्या नावात 'इस्रायल' किंवा 'सारा' आहे. पाकीट बेने इस्रायली कुटुंबाचं असेल का?

कोकणातून, मुंबईतून गेलेलं पाकीट असेल तर असूही शकतं, कारण आपल्या बेने इस्रायलींमध्ये, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंमध्ये, इस्रायल हे नाव आणि आडनाव आवडीनं ठेवलेलं सापडतं. जर्मनीतून १९३९ किंवा त्यानंतर आलेलं असेल तर अर्थ बदलतो. ऑगस्ट १९३८ च्या हुकुमानं, सरकारी यादीतलं 'ज्यू' नाव नसलेल्या प्रत्येक ज्यू पुरुषाला 'इस्रायल' आणि बाईला 'सारा' हे जादा नाव १ जानेवारी १९३९ पासून लावावं लागलं. ऑक्टोबर १९३८ पासून पासपोर्टवर लाल 'जे' ('यूडं', म्हणजे ज्यू, याचं पहिलं अक्षर) आला. मग पाकिटाच्या मागच्या बाजूचं नाव हेच ओळखपत्र झालं. पोस्टमन, तपासनीस, शेजारी, सगळ्यांना एका नजरेत कळायचं. कुणी ते नाव घाईत आखूड करून 'आय.' किंवा 'एस.' असं लिहिलेलं दिसतं. तेवढीच मोकळीक.

टपालाची गुप्तता त्याआधीच, २८ फेब्रुवारी १९३३ च्या हुकुमानं, सगळ्यांचीच संपली होती. पुढे १९४० मध्ये ज्यूंच्या घरचे फोन तोडले आणि १९४२ मध्ये वर्तमानपत्रं घेण्यावरही बंदी आली.

११. छावणीतून 'मी मजेत आहे, काम करतो' असं लिहिलेली कार्डं खरी आहेत का? खरी असतील तर छावण्या इतक्या वाईट कशा?

हा प्रश्न बहुतेक वेळा साळसूदपणे येतो, कधी कधी मुद्दाम. कार्डं खरी आहेत. हस्ताक्षरही खरं आहे. मजकूर सक्तीचा आहे.

सप्टेंबर १९४३ मध्ये टेरेझीन या चेक गावात कोंडलेल्या ज्यूंपैकी सुमारे पाच हजार जणांना ऑश्विट्स-बिर्केनाऊ या मृत्युछावणीत नेलं आणि तिथे 'कुटुंब-छावणी'त ठेवलं. मार्च १९४४ च्या सुरुवातीला त्यांच्याकडून नातेवाइकांना पोस्टकार्डं लिहून घेतली आणि त्यावर २५ मार्चच्या आसपासची, म्हणजे पुढची, तारीख घालायला लावली. ८ मार्चच्या रात्री त्यांतल्या सुमारे तीन हजार आठशे जणांना गॅस कोठड्यांत मारलं. कार्डं नंतर टपालात पडली. पत्ता 'बिर्केनाऊ श्रमछावणी'. त्याच वर्षी हंगेरीतून आणलेल्या ज्यूंच्या कार्डांवर 'वाल्डझे' असा पत्ता घालायला लावला. त्या शब्दाचा अर्थ वनातलं तळं. हंगेरीतल्या घरी कार्ड पोचायचं तेव्हा लिहिणारा बहुतेक वेळा जिवंत नसायचा.

उलट दिशेचं टपालही खोटं बोलायचं. हद्दपार केलेल्या माणसाला आलेलं पत्र 'पत्ता न ठेवता निघून गेले' अशा शेऱ्यासह परत यायचं. जणू माणूस स्वतःच्या मर्जीनं बिऱ्हाड हलवून गेला.

१२. जुनी टोकदार जर्मन लिपी नाझींची होती ना? मग त्यांनी ती बंद का केली?

३ जानेवारी १९४१ ला मार्टिन बोरमान या नाझी पक्षाच्या बड्या अधिकाऱ्यानं एक परिपत्रक काढून ही गॉथिक अक्षरं मुळात 'ज्यूंची अक्षरं' असल्याचं जाहीर केलं. इतिहासाच्या दृष्टीनं हे निखालस थाप आहे. जिंकलेल्या देशांत ती लिपी कुणाला वाचता येत नव्हती, हे खरं दुखणं. त्या परिपत्रकाचं छापील लेटरहेड मात्र त्याच टोकदार अक्षरांत होतं.

१३. मुलांसाठीही असं साहित्य होतं का?

होतं. श्ट्रायशरच्याच प्रकाशनानं १९३६ आणि १९३८ मध्ये रंगीत चित्रांची बालपुस्तकं काढली. १९३८ च्या पुस्तकात ज्यूंना विषारी अळंबीची उपमा आहे आणि चित्रं फिप्सची. ड्रेस्डेनच्या एका कंपनीनं 'ज्यू बाहेर!' नावाचा फाशांचा खेळसुद्धा काढला. एसएसच्या मुखपत्राला तो आवडला नाही, कारण इतका गंभीर विषय खेळण्यावारी नेला म्हणून.

१४. श्ट्रायशरनं स्वतः कुणाला मारलं नाही. मग नुसतं छापल्याबद्दल फाशी कशी?

न्यूरेंबर्गच्या न्यायालयानं त्याला मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी दोषी ठरवलं आणि १६ ऑक्टोबर १९४६ ला फाशी झाली. 'मला काय माहीत तिकडे काय चाललंय' हा त्याचा बचाव टिकला नाही, आणि तो मोडला तोही एका टपालानं येणाऱ्या पेपरनं. स्वित्झर्लंडमधलं एक ज्यू साप्ताहिक तो नियमित घ्यायचा, त्यात हत्याकांडाच्या बातम्या येत, आणि त्या काळात तो स्वतः 'श्ट्युर्मर'मधून संहाराची हाक देत राहिला. रेडिओवरचा प्रचारक हान्स फ्रित्शे मात्र त्याच खटल्यात सुटला. म्हणजे शिक्षा प्रचारकाला सरसकट झाली नाही.

१५. याच टपालाचा उलटा वापर कुणी केला नाही का?

केला. बर्लिनच्या ओटो आणि एलिझे हाम्पेल या कामगार दांपत्यानं १९४० ते १९४२ मध्ये हिटलरविरोधी दोनशेहून अधिक कार्डं हातानं लिहून जिन्यांत, टपालपेट्यांत ठेवली. जवळपास सगळी लोकांनी नेऊन गेस्टापोला, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांना, दिली. दोघांनाही ८ एप्रिल १९४३ ला मारलं. म्युनिकच्या 'व्हाइट रोझ' या हिटलरविरोधी विद्यार्थ्यांच्या गटानं पत्रकं टपालानं पाठवली. १९४२ च्या त्यांच्या दुसऱ्या पत्रकात पोलंडमधल्या तीन लाख ज्यूंच्या हत्येचा स्पष्ट उल्लेख आहे.

१६. असे कागद महाराष्ट्रात सापडतात का? सापडले तर काय करायचं?

प्रचाराचे क्वचित, त्याच्या बळींचे जास्त. मुंबईत १९३४ पासून ज्यू निर्वासितांना मदत करणारी संस्था होती. युद्ध पेटल्यावर मात्र जर्मन पासपोर्टवाला म्हणून निर्वासितही 'शत्रूदेशीय' ठरले, आणि अहमदनगर, देवळाली, पुरंदर अशा ठिकाणी काहींना स्थानबद्ध केलं. त्यांची तपासणीचे शिक्के मारलेली पाकिटं निघतात. रेडक्रॉसचे फॉर्मही निघतात. थेट टपाल बंद असल्यानं जास्तीत जास्त २५ शब्दांत निरोप लिहायचा आणि उत्तर त्याच कागदाच्या मागे यायचं. यायचंच असं नाही.

अशी वस्तू हाती आली तर फाडू नका, लॅमिनेट करू नका, तिकीट सोडवायला पाण्यात तर अजिबात टाकू नका. पाकिटाचा इतिहास तिकिटात नसतो, शिक्के, शेरे आणि पाठीमागचं नाव यांत असतो. विकत घेत असाल तर सावध राहा: टेरेझीनच्या १९४३ च्या पार्सल-तिकिटाच्या आणि प्रश्न ९ मधल्या विडंबनांच्या नकला शेकड्यांनी फिरतात. ज्यूविरोधी पोस्टकार्डं जमवणाऱ्यांत बर्लिनचे वोल्फगांग हानी हे मोठं नाव. त्यांची आई ज्यू होती, आणि त्यांच्या संग्रहातून १९९९ मध्ये फ्रँकफर्टच्या टपाल संग्रहालयात प्रदर्शन भरलं. बेल्जियमचे आर्थर लांगरमान यांचा संग्रह आता बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात अभ्यासकांसाठी आहे. आपल्याकडे ठेवायचं असेल तर आम्लविरहित कागदाच्या पाकिटात ठेवा, आणि वेगळ्या चिठ्ठीवर, पेन्सिलनं, ते कुठून आणि कुणाकडून मिळालं ते लिहून ठेवा.